सूर-कावडीची परीक्षा

मयुरी बुराडे आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आली, तेव्हा विभागप्रमुखांनी तिला विचारलं होतं, "मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट कराल ना?"

ती म्हणाली, "कशाशी करायचं ते सांगा, मग बघते."

मी तिथंच बसलो होतो. चंद्रपूरच्या त्या खाजगी कॉलेजात डिझाइनची पदविका घेणाऱ्या मुलांना लाकूड, बांबू आणि लोखंड शिकवणारा मी कार्यशाळेचा निदेशक. माझी नोकरी कायमची. तिची दर जूनला नव्यानं ठरणार. तरी आम्हा दोघांत साहेबाच्या केबिनचं दार उघडताना ज्याचा हात थांबायचा, तो मी.

मयुरी आरमोरीकडची. घरी धानाची शेती. तिच्याबद्दलच्या गोष्टी तिच्या वडिलांनी, नानाजींनी, मला सांगितल्या. एकदा ते तांदळाचं पोतं घेऊन तिच्या खोलीवर आले होते, तेव्हा. चौथीत असताना गुरुजींनी नदीचं चित्र काढायला लावलं. हिनं नदी मातकट रंगवली. गुरुजी म्हणाले, पाणी निळं असतं, पुन्हा काढ. हिनं काढलं नाही. आमची नदी पावसाळ्यात अशीच असते, म्हणाली. शून्य मिळालं. "म्या म्हटलं, बाई, मार्क पायजे असन त निळी करून टाक," नानाजी सांगत होते. "त मले म्हंते, बाबा, तुमी कधी निळ्या पान्यात धानाचा रोवना केला काय?"

पुढं लग्नासाठी ब्रम्हपुरीकडून पाहुणे आले. मुलगा बरा होता. पण मुलाचे काका म्हणाले, नोकरी मात्र सोडावी लागेल. मयुरीनं त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि म्हणाली, "काका, पोहे खाऊन घ्या. थंडे झाले की मजा नाई. मग निघा." नानाजी हे सांगताना डोक्यावर हात मारत होते आणि हसतही होते.

वर्गात ती कडक होती. मुलांनी केलेली वस्तू ती कधी टेबलावर ठेवून बघायची नाही. खुर्ची असेल तर बसायची, पिशवी असेल तर त्यात विटा भरून जिना चढायची. एका मुलाच्या दिव्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, तर हिनं वर्गातले लाइट बंद करून त्या दिव्याखाली सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला गेला नाही. मुलगा नाराज झाला. पण पुढच्या आठवड्यात त्याचा दिवा बदललेला होता.

आचल याच वर्गातली. माजरीची मुलगी. वडील कोळशाच्या खाणीत पंपावर काम करायचे, निवृत्तीला आले होते. आचल बोलायची कमी. कार्यशाळेत मात्र सगळ्यात आधी यायची आणि हाताला चिरा पडल्या तरी सांगायची नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला, लहान बँड.

आमच्या भागात असे बँड आहेत. वरातीतले पितळी बाजेवाले वेगळे, हे वेगळे. तीन-चार माणसं, एक ढोलक, एखादा कीबोर्ड, एक गळा, आणि गाणी स्वतःची. सिनेमातली नाहीत, कुणाची उसनी नाहीत. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, बारशात, लग्नाच्या संध्याकाळी, तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर ते वाजवतात. पण आता गावोगावी डीजेच्या गाड्या फिरतात. त्या भिंतीएवढ्या आवाजापुढं साधा गळा कोण ऐकणार? आणि आवाज मोठा करायचं सामान घ्यावं, तर ते न्यायला गाडी लागते. गाडी यांच्याकडे नसते.

आचलनं 'डोंगा', म्हणजे होडी, नावाचा बँड निवडला. आरमोरीपासून जवळच, नदीकाठच्या गावातला. गाणारी भागीरथाबाई, ढिवराच्या घरची, पन्नाशीची. सकाळी तलावावर जाळं, दुपारी मासोळ्या विकणं, संध्याकाळी गाणं. तिचा भाचा प्रणित कीबोर्डवर. ढोल वाजवायला पोचू. तो अहेरीकडचा गोंड, या गावात कामाला आला आणि इथंच राहिला. त्यामुळे त्यांच्या गाण्यात मध्येच गोंडी ओळी यायच्या. ऐकणाऱ्याला अर्थ नाही कळला तरी पायांना ताल कळायचा.

आचल त्यांच्याबरोबर राहिली, फिरली. एका बारशाला जाताना पोचूनं स्पीकर डोक्यावर घेतला, प्रणितनं बॅटरी पोटाशी धरली, आणि पोचेपर्यंत दोघांचे हात एवढे थरथरत होते की पहिलं गाणं बिघडलं. हे तिनं पाहिलं. आणि भागीरथाबाईच्या अंगणात तिनं कावड पाहिली. खांद्यावर आडवा बांबू, दोन्ही टोकांना शिकी, शिक्यांत मासोळ्यांची टोपली. पिढ्यान्‌पिढ्या असंच ओझं वाहिलेलं.

तिनं कावडच केली. एका टोकाला स्पीकरची पेटी, दुसऱ्या टोकाला बॅटरीची, दोन्हीचं वजन सारखं, मध्ये खांद्यासाठी पट्टा. मुक्कामी पोचलं की पेट्यांचे पाय उघडायचे, बांबू उभा करायचा, स्पीकर त्याच्यावर चढवायचा. एसटीत जाते, डोंग्यात जाते, पायवाटेनं जाते. बॅटरी तिच्या वडिलांच्या जुन्या स्कूटीची. तिनं नाव दिलं सूर-कावड.

मयुरीनं ती खांद्यावर घेतली आणि कॉलेजच्या मैदानाला चक्कर मारली. परत येऊन म्हणाली, "चालताना झुलते. दोर आखूड कर. अजून खूप काम आहे." आचलचा चेहरा उतरला. पण मला मयुरी जाता जाता म्हणाली, "भाऊ, ह्या पोरीनं आधी पाह्यलं, मग केलं. असं कोण करते आता?"

सगळं सरळ चाललं असतं, तर मी ही गोष्ट सांगितली नसती.

आमचे विभागप्रमुख सुरेंद्र वाटेकर सर वाईट माणूस नव्हते. कॉलेज चालवायचं तर चार लोकांशी गोड राहावं लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या वर्षी एका खनिज कंपनीचे जनसंपर्क अधिकारी कॉलेजात आले. समाजकार्यात कंपनीला काहीतरी दिसेल असं करायचं होतं. त्यांना कावड दाखवली. त्यांनी ती बुटानं जराशी हलवली आणि म्हणाले, "कल्पना छान आहे. पण ही दिसत नाही हो. हिच्यावर नाव कुठं टाकणार?"

पंधरवड्यात कावडीचा रथ झाला. सूररथ. मोटारसायकलला जोडायची चाकांची गाडी, वर छप्पर, तिन्ही बाजूंना कंपनीच्या नावाचे रंगीत पत्रे, कडेनं निळे दिवे. आचलच्या दोन्ही पेट्यांवरही निळे दिवे लावून त्या गाडीच्या पोटात नट-बोल्टनं बसवल्या. कावडीचा बांबू कंपनीचा झेंडा लावायला उभा केला. ते सगळं वेल्डिंग माझ्याच कार्यशाळेत झालं.

मयुरी वाटेकर सरांकडे गेली. "सर, पोरीचा प्रकल्प तिचा राहू द्या."

"मॅडम, कंपनी तिला नोकरी द्यायला तयार आहे. तिचे वडील रिटायर होत आहेत. तुम्ही देणार आहात का नोकरी?"

सर पुढं म्हणाले, "रथाचं मार्गदर्शन मी करतो. तुम्ही फक्त शेवटी परीक्षक म्हणून बसा."

आचलही आली होती तिच्याकडे. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "मॅडम, बाबा म्हणाले, साहेब म्हंतात तसं कर." मयुरी म्हणाली, "प्रकल्प तुझा आहे. ठरव तू. मी शेवटी जे दिसेल त्याचीच परीक्षा घेईन." आचल मान खाली घालून निघून गेली. मला वाटलं, मयुरीनं तिला थोडा तरी धीर द्यायचा होता.

मे महिन्यात परीक्षा लागली. चंद्रपूरचा मे, भिंतीला हात लावला तर चटका. हॉलमध्ये कूलर लावले होते. नागपूरहून देशकर सर म्हणून वयस्क परीक्षक आले होते. त्यांना चांगलं जेवण दिलेलं होतं. रथ मधोमध उभा, निळे दिवे लागलेले. कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत. आचलनं पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. देशकर सर म्हणाले, "काम उत्तम आहे." वाटेकर सरांनी गुणपत्रक पुढं सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून पेन मयुरीसमोर धरला.

मयुरीनं पेन घेतला नाही.

"आचल," ती म्हणाली, "हे भागीरथाबाईनं वापरून पाहिलं?"

आचलनं रथाकडे पाहिलं.

"नाई, मॅडम."

"पोचूनं? प्रणितनं?"

"नाई."

"सर, लहान बँडसाठीचा प्रकल्प आहे आणि बँडनं त्याला हात लावलेला नाही. मी परीक्षा कशाची घेऊ? परवा त्यांचं नदीपलीकडे लग्नात वाजवणं आहे. परीक्षा तिथं घेऊ."

वाटेकर सर हसले. हसण्यात दात दिसले, हसू दिसलं नाही. "मॅडम, परीक्षा कॉलेजात होते."

देशकर सरांनी चष्मा पुसला. "वस्तू वापरायच्या ठिकाणी परीक्षा घेता येते तशी. नियमात आहे." का कुणास ठाऊक, त्यांना मजा वाटली असावी. आणि कंपनीच्या साहेबांनाही आवडलं. खरं लग्न, खरा बँड, नदी. फोटो चांगले येतील.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही नदीवर पोचलो. रथ पिकअपमध्ये बांधून आणला होता. पूल तिथून लांब. मे महिन्यात वैनगंगेचं पात्र म्हणजे सगळी रेती, मध्ये गुडघाभर धार. गावचे लोक पायीच पार करतात. पलीकडच्या काठावर मांडव दिसत होता. भागीरथाबाई, प्रणित आणि पोचू वाट बघत बसले होते.

रथ रेतीत उतरवला. सहा माणसांनी ढकलला. थोडा गेला आणि चाकं रुतली. आणखी ढकलला, तर आणखी रुतली. पत्र्यांना हात लागत नव्हता, इतके ते तापले होते.

कंपनीचे साहेब छत्रीखाली उभे होते. म्हणाले, "राहू द्या, इथंच ठीक आहे. मागे नदी मस्त दिसते. बँडला वर चढवा. दोन मिनिटं वाजवा, फोटो होऊन जातील."

भागीरथाबाईनं पदर कमरेला खोचला. "लगन त तिकडं हाय, बाप्पा. आमी इथी कोनाले आयकवाव? रेतीले?"

"दोनच मिनिटं, बाई. आणि एक विनंती. ते ट्रकचं गाणं म्हणू नका. दुसरं काहीपण म्हणा."

हे गाणं मला माहीत होतं. खाणीच्या ट्रकांनी रस्ते फुटले, धूळ उडून मोहाच्या झाडांवर बसली, त्यावर भागीरथाबाईनं ते रचलेलं. साहेबांपर्यंतही पोचलेलं दिसत होतं.

भागीरथाबाई छत्रीजवळ गेली. "लगनात ते गानं कोन म्हंते, साहेब? माह्या मनातबी नोहोतं. पर तुमी आता नको म्हटलं त म्हणून पायतो."

रथावर ती चढलीच नाही. रेतीतच उभी राहिली. माइक नाही, काही नाही. पोचूनं ढोल खाली ठेवला आणि ढोलाच्या काठीनं कंपनीच्या नावाचा पत्रा वाजवायला लागला. पत्रा खणखणला.

धूळ खाय मोहफूल, धूळ खाय पान,
सांग रे गाडीवाल्या, कुठी गेलं रान?

उघड्या पात्रात तो आवाज लांब गेला. पलीकडच्या काठावर मांडवातली माणसं उठून उभी राहिली. साहेबांचा चेहरा लाल झाला. वाटेकर सर, "बाई, अहो बाई," करत होते. भागीरथाबाईनं दोन कडवी म्हटली, घाम पुसला आणि म्हणाली, "चला रे. उशीर होऊन राह्यला. स्पीकर नाई त नाई."

तेव्हा आचल माझ्याजवळ आली. "सर, पाना द्या."

मी पिशवीतून पाना काढून दिला. ती रथाखाली रेतीत आडवी झाली आणि पहिला नट सोडवायला लागली.

"आचल! काय करतेस?" वाटेकर सर ओरडले.

उत्तर नाही. एक नट निघाला. दुसरा निघाला. मग तिनं वर येऊन ओढणी हाताला गुंडाळली, पत्रे काढले आणि एकेक करून रेतीत नीट रचून ठेवले. आपटले नाहीत.

"ही कंपनीची मालमत्ता आहे," साहेब म्हणाले.

"म्हून त सोडून राह्यली," आचल म्हणाली. "पत्रे तुमचे. छप्पर तुमचं. चाकं तुमची. मोजून घ्या. पेट्या म्या केल्या, रथाच्या आधी. ब्याटरी माह्या बाबाची हाय. बांबू भागीरथामावशीच्या अंगणातला."

"विचार कर, बेटा," वाटेकर सर हळू आवाजात म्हणाले. "तुझी परीक्षा सुरू आहे."

"हो सर. मीबी तेच म्हणून राह्यली."

मी मदतीला पुढं झालो. मयुरीनं माझा दंड धरला. "भाऊ, थांबा. परीक्षा तिची आहे." तिचे डोळे भरले होते, पण हात घट्ट होता. आम्ही सगळे उन्हात उभे राहून बघत होतो आणि ती एकटी माजरीची पोरगी रथ सोडवत होती. शेवटी बांबूवरचा झेंडा उतरवला, घडी घातली, साहेबांच्या हातात दिला. दोर बांधले. पेट्या लटकवल्या.

पोचूनं कावड खांद्यावर घेतली. एकदा खाली-वर करून तोल पाहिला आणि चालायला लागला. प्रणितनं कीबोर्ड डोक्यावर घेतला. देशकर सरांनी बूट काढले, पँट दुमडली, आणि "अरे बापरे, किती तापली रेती," म्हणत त्यांच्यामागून धारेत शिरले. साहेब आणि वाटेकर सर अलीकडच्या काठावर राहिले.

मांडवात कावड उभी राहिली. पाच-दहा मिनिटांत आवाज सुरू झाला. आणि मग दोष दिसायला लागले. भागीरथाबाईचा सूर चढला की पेटीच्या बांबूच्या पट्ट्या झणझणायच्या. आचलनं आपली ओढणी दुमडून मागे कोंबली, तेव्हा थांबलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवाज नाई येऊन राह्यला!" मयुरी पार शेवटी चुलीजवळ जाऊन उभी राहिली, तिथून ऐकलं, मग डावीकडून ऐकलं, उजवीकडून ऐकलं. पण लोक उठून गेले नाहीत. नवरीची आजी नाचली. पोचूनं मध्येच गोंडी ओळ घेतली तेव्हा मांडवातली पोरंही त्याच्यामागून म्हणायला लागली.

गाणं थांबल्यावर मयुरीनं पोचूला शर्ट बाजूला करायला सांगितलं. खांद्यावर पट्ट्यानं कापल्याचा लाल वळ होता, एका जागी रक्त आलेलं. तिनं आचलला ते दाखवलं, बोलली काही नाही. मग भागीरथाबाईला विचारलं, "ही उद्या तुमच्याजवळ ठेवली, तर वापराल?"

"वापरीन ना, बाई. पर पट्टा बदलवा. अन् पेटीवर हे निळं लाइट राह्यलं थे कायले? मच्छर येते नुसते."

दिवस मावळायच्या आत वाटेकर सर पुलावरून गाडीनं आले. गुणपत्रक बरोबर होतं. मांडवामागं कडुलिंबाखाली खुर्च्या टाकल्या.

"झालं ते झालं," सर म्हणाले. "साहेबांना मी समजावतो. राज्यस्तराच्या स्पर्धेत सूररथाचं नाव गेलेलं आहे. तुम्ही सूररथाचे चांगले गुण भरा. पोरीचं नुकसान नको."

"सर, सूररथ नदीत आहे," मयुरी म्हणाली. "मी इथं कावड पाहिली. जे पाहिलं त्याचेच मार्क देईन."

"मॅडम, जूनमध्ये तुमच्या तासिकांचं ठरतं. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. जूनचं जूनमध्ये पाहू. आज मे आहे."

"तुम्हाला नेमकं काय सिद्ध करायचं आहे?"

"मला काहीच सिद्ध करायचं नाही, सर. परीक्षक म्हणून बोलावलं, परीक्षा घेतली. तुम्हाला सही पाहिजे होती, तर सहीवालीच बोलवायची होती."

तिनं रथाचं नाव खोडलं, सूर-कावड लिहिलं, आणि गुण भरले. देशकर सरांनी आपले भरले, सही केली, आणि वाटेकर सरांना एवढंच म्हणाले, "मी रेती तुडवून आलोय हो. माझ्याकडून दुसरं लिहून होणार नाही."

आचलनं गुण पाहिले. देशकर सरांनी भरभरून दिले होते. मयुरीनं जेमतेम पहिल्या श्रेणीइतके.

"मॅडम," तिनं गुणपत्रक मयुरीपुढं धरलं, "एवढेच? सगळं सोडवलं म्या. सगळ्यांसमोर."

"त्याला मार्क नसतात, आचल. त्याच्यासाठी मी तुझ्या बाबांना सांगीन, की तुमच्या पोरीसारखी पोरगी मी पाहिली नाही. पण मार्क कावडीचे आहेत. अन् कावडीनं पोचूचा खांदा कापला."

आचल रागानं निघून गेली आणि जेवायच्या पंगतीत तिच्यापासून लांब बसली.

पुढं जे व्हायचं होतं ते झालं. स्पर्धेतून नाव निघालं. कंपनीची नोकरी गेली. जूनमध्ये मयुरीला तासिका मिळाल्या नाहीत. वाटेकर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेबांची एकदा माफी मागितली तर जमून जाईल, असं म्हणाले. ती म्हणाली, "सर, रथ रेतीत रुतला याची माफी रेतीनं मागावी." मग तिनं आपला चहाचा कप, दोन पट्ट्या आणि भिंतीवरचा तक्ता घेतला आणि भर दुपारी दारातून बाहेर पडली. स्टाफरूममध्ये कुणी मान वर केली नाही. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो.

सगळ्यात कठीण दिवस वेगळाच होता. आचलचे वडील माजरीहून आरमोरीला आले. मयुरीनं तिथं धानाच्या गिरणीमागं एक खोली भाड्यानं घेतली होती. चित्रकलेच्या शिकवण्या घ्यायची आणि बाकी वेळ बांबू, पट्टे, पेट्या. ते दारातच उभे राहिले. "मॅडम, तुमच्या परीक्षेपायी माह्या पोरीची नोकरी गेली. तुमाले बरं वाटते?"

"नाई वाटत, भाऊ," मयुरी म्हणाली. "रोज आठवते. पण तिनं जे केलं, ते मी करायला लावलं नाही. तिच्या नावाचं श्रेय मी घेणार नाही, अन् दोषही घेणार नाही. बसा. चहा ठेवते."

ते बसले नाहीत. पण कोपऱ्यातल्या कावडीशी वाकले, बॅटरीच्या तारा पाहिल्या, आणि म्हणाले, "हे जोडनी चुकीची हाय. एखांद्या दिवशी पेट घेईन." मग बाहीनं घाम पुसून खाली बसले आणि जोडणी बदलून दिली. महिनाभरानं आचल तिथं कामाला यायला लागली. पगार काही धड नव्हता. भागीरथाबाईच्या ओळखीनं इतर बँडांना कावडी हव्या होत्या. एक देसाईगंजकडे गेली, एक थेट सिरोंच्याला. डीजेच्या गाड्या काही बंद पडल्या नाहीत. पण मंडईच्या दिवसांत 'डोंगा'ला तीन गावांनी आपणहून बोलावलं, आणि एका गावच्या आयोजकानं ट्रकचं गाणं नको म्हटलं तेव्हा भागीरथाबाईनं आधी तेच म्हटलं. त्या गावातून पुन्हा बोलावणं येणार नाही, हे तिला माहीत होतं. "नाई त नाई," म्हणाली. "नदीले गावं कमी हायेत काय?"

थंडीत मी आरमोरीला गेलो होतो. खोलीसमोरच्या अंगणात दोघींचं भांडण चाललं होतं. आचलनं सिरोंच्याला पाठवायची नवी कावड केली होती. पट्टा रुंद, आत काथ्या भरलेला. मयुरी म्हणत होती, पेटी अजून हलकी पाहिजे, पातळ पट्ट्या लाव.

"नाई लावत," आचल म्हणाली.

"काय?"

"नाई लावत म्हटलं. पातळ पट्टी झणझणते. तुमाले वजन दिसते, मले आवाज आयकू येते. भागीरथामावशीनं दोन्ही वाजवून पाह्यल्या. तुमी कुठी होत्या तवा?"

मयुरीचा चेहरा बघण्यासारखा होता. आता ही काहीतरी तिखट बोलणार, असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कावडीकडे पाहिलं, पदर खोचला आणि कावड खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर पडली. गिरणीला वळसा घालून, बाजाराच्या गर्दीतून, तळ्याच्या बांधापर्यंत गेली. आचल दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, "बस जरा." ती बसली नाही.

बऱ्याच वेळानं मयुरी परत आली. घामाघूम. कावड खाली ठेवली, खांदा चोळला.

"जड आहे," म्हणाली.

"हाय," आचल म्हणाली.

"राहू दे मग. पण सिरोंच्याचे लोक शिव्या देतील, तर तू ऐकायच्या."

"आयकीन. फोन तुमी लावून द्या."